चार बोटांनी अडलेली पिकअप

पिकअप चालवायची चांगुणा, पण पिकअपविषयी बोलायचा मोतीराम. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन चांगुणा रोज पहाटे नाशिकच्या फुलबाजारात जायची. मोतीरामनं गाडी शिकायचा प्रयत्न एकदा केला होता. त्यात गोठ्याची भिंत पडली आणि म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही. तेव्हापासून स्टिअरिंग चांगुणाकडे आणि सल्ले मोतीरामकडे, अशी वाटणी झाली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बाजारातून आल्यावर चहा पिता पिता चांगुणा सहज बोलून गेली, "आज धुक्यात पुढं उसाची ट्रॉली उभी व्हती. मागं लाईट ना काय. वीतभर आधी ब्रेक लागला बघा."

एवढं बोलून ती कप विसळून तोडणीला गेलीसुद्धा. मोतीरामच्या हातातला चहा मात्र तसाच गार झाला. भीती वाटली, असं बायकोला सांगायची त्याला सवय नव्हती. त्यानं मोबाईल उघडला आणि पिकअपला बसणारे प्रोजेक्टर हेडलाईट शोधायला सुरुवात केली.

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. "आगं, साध्या लाईटचा उजेड कसा? बादलीनं पाणी फेकल्यावानी. प्रोजेक्टरचा कसा? पाटानं दिल्यावानी. जिथं पाहिजे तिथंच जाणार!" चांगुणा "बरं" म्हणायची आणि हार ओवत राहायची. मधे एकदोनदा तिनं "आवो, मी काय म्हणते," अशी सुरुवात केली होती, पण तेवढ्यात मोबाईलमध्ये नवा व्हिडिओ सुरू व्हायचा.

शेवटी एका गुरुवारी निंबोळी पेंडीची वीस पोती भरून दोघं घरी परतताना मोतीरामनं गाडी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानासमोर थांबवायला लावली. दुकानदार ललित हा तिशीतला, बोलका गृहस्थ. त्यानं दोन प्रकार काढून ठेवले. एक पांढऱ्या उजेडाचा, एक पिवळसर. मोतीरामला दोन्ही आवडले. मग ललितनं डावीकडे पांढरा आणि उजवीकडे पिवळा असे तात्पुरते जोडून दाखवले. पण बाहेर टळटळीत ऊन. दोन्ही दिवे नुसते काजव्यासारखे दिसत होते.

"काका, याला अंधार पाहिजे," ललित म्हणाला. "सात वाजता या."

"सातला नाय जमणार," चांगुणा म्हणाली. "चारला तोडणी हाय. शेवंती काय माझी वाट बघत बसत नाय."

हातातलं गिऱ्हाईक सोडणं ललितच्या जिवावर आलं. "मग आमच्या सोसायटीत चला. पाच मिनिटांवर आहे. बेसमेंटमध्ये दुपारी चिटपाखरू नसतं."

बेसमेंटच्या उतारावर एक आडवी तुळई होती. पिकअपवर ताडपत्री टाकायचा लोखंडी सांगाडा उभा होता. ललितनं खाली उतरून अंदाज घेतला आणि ओरडला, "चार बोटं जागा आहे, येऊ द्या!" चांगुणानं गाडी अलगद आत घेतली आणि समोरच्या भिंतीपाशी उभी केली. दिवे लागले. उजेड सगळा छतावर.

"मागे वजन आहे ना, म्हणून गाडीचं नाक वर झालंय," ललितनं खुलासा केला. "खरी लाईन बघायची तर गाडी रिकामी पाहिजे."

मोतीरामला हे व्हिडिओतून ठाऊकच होतं. त्यानं जोरात मान हलवली. ललितनं दुकानातले दोन कारागीर बोलावले. त्यांनी वीसही पोती उतरवून भिंतीला रांगेत लावली आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून ते परत गेले. उजेड छतावरून उतरून भिंतीवर आला. वर अंधार, खाली उजेड आणि मधे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. मोतीराम त्या रेघेकडे देवळात आल्यासारखा बघत राहिला.

"छान. निघायचं?" चांगुणानं विचारलं आणि गाडी मागे घेतली. तुळईखाली सांगाडा 'ठण्' करून अडला. वजन उतरलं तशी गाडी मागून उचलली गेली होती. चार बोटं जागा होती, गाडी पाच बोटं वर आली होती.

तेवढ्यात उतारावर पावलं वाजली. हातात झेंडूच्या माळा घेतलेल्या एक बाई थबकल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, मालिनीताई. बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, पण काउंटरमागची नजर तशीच होती.

"ललित, हे काय आहे?"

"काकू, दोन मिनिटं..."

"चार वाजता इथे माझ्या सुनेचं डोहाळजेवण आहे! वरच्या पार्किंगमध्ये रंगकाम चाललंय म्हणून इथे ठेवलंय. ग्रुपवर तीनदा टाकलं."

"ग्रुप म्यूट केलाय काकू," ललित पुटपुटला.

"गाडी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"निघत नाय ताई," मोतीराम हात जोडून म्हणाला. "चूक आमचीच हाय. पोती परत भरली का निघंल, पण माझी कंबर धरलेली, आन ती पोरं गेली."

चांगुणानं घरी जाऊबाईला फोन करून तोडणी सुरू करायला सांगितलं. मालिनीताईंनी कपाळाला हात लावला. पाहुण्या यायला लागल्या होत्या. गाडी आहे तिथेच, भिंतीपासून जरा मागे ठेवून त्यांनी समोर छताच्या कड्यांना फुलांचा झोपाळा टांगायला लावला. लिफ्टमधून हिरवी पैठणी नेसलेली सून, स्वानंदी, हळूहळू चालत आली, झोपाळ्यावर बसली, आणि लाईट गेली.

सगळं बेसमेंट काळंकुट्ट. पंधरा बायकांचा एकदम "अगंबाई!" असा आवाज झाला. जनरेटरला डिझेल नव्हतं, आणि ते आणायचं काम सेक्रेटरींकडेच होतं. लिफ्ट बंद, त्यामुळे स्वानंदीला वर नेणंही अवघड.

अंधारातून मालिनीताईंचा आवाज आला. मघाच्यापेक्षा बराच खाली आलेला. "अहो दादा... ते तुमचे दिवे..."

मोतीरामनं चांगुणाकडे पाहिलं. चांगुणानं बटण दाबलं. झोपाळा, फुलं, पैठणीचे काठ, सगळं एकदम लख्ख उजळलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोतीराम ललितकडे सरकला.

"बॅटरी उतरंल का रं?" त्यानं हळूच विचारलं.

"एलईडी आहे काका. बॅटरीला पत्ताही लागणार नाही."

खुर्च्या वरच अडकल्या होत्या. मग पेंडीच्या पोत्यांवर चादरी पसरून पाहुण्या बसल्या. वास येत होता, पण कोणी तक्रार केली नाही. चांगुणालाही त्यांनी हाताला धरून आणलं, कुंकू लावलं, स्वानंदीची ओटी भरायला लावली. मोतीरामला ललितनं मसाला दूध आणून दिलं. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, की डावीकडच्या बायका एकेक करून उजवीकडे सरकतायत.

"त्या पांढऱ्या उजेडात सगळ्या आजारी दिसतोय," एकीनं सांगून टाकलं.

झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी हे झालं, तशी कुणीतरी टूम काढली, "आता पांढरा की पिवळा!" पिवळ्याला चौदा मतं पडली, पांढऱ्याला एक. तेही एका आजींचं, त्यांना पांढऱ्यात पोथी नीट वाचता आली म्हणून.

"पण गाडी चालवतं कोण?" मालिनीताईंनी विचारलं.

"मी," चांगुणा म्हणाली.

"मग तुमचं मत काय?"

मोतीराम उत्तर द्यायला पुढे सरसावला आणि त्याला उमगलं, की हा प्रश्न तीन आठवड्यांत त्यानं एकदाही विचारला नव्हता.

"पिवळाच," चांगुणा म्हणाली. "धुक्यात पांढरा उजेड फिरून आपल्याच डोळ्यात येतो. मी सांगणारच व्हते, पण हे मोबाईलात व्हते."

बायका खळखळून हसल्या. सगळ्यात आधी मोतीराम हसला, कारण दुसरा मार्ग नव्हता.

सहा वाजत आले तरी ललितनं फोन करून परत बोलावलेल्या कारागिरांचा पत्ता नव्हता. मालिनीताईंनी बँकेतला हिशोबीपणा बाहेर काढला. "वीस पोती म्हणजे हजार किलो. आम्ही पंधराजणी. साधारण तेवढंच भरेल. चढा गं!"

पैठण्या सावरत, एकमेकींना ढकलत सगळ्या हौद्यात चढल्या. गाडी मागून खाली बसली. ललित वाकून ओरडला, "बसली बसली! म्हणजे, गाडी बसली!"

तेवढ्यात स्वानंदी म्हणाली, "आई, मला पण ह्या गाडीत बसायचंय. डोहाळा लागलाय."

मालिनीताई हौद्यातूनच काही बोलणार होत्या, पण डोहाळजेवणाच्या दिवशी डोहाळा मोडायचा कसा? स्वानंदीला अलगद पुढे, मोतीरामच्या जागेवर बसवलं. तुळईखालून सांगाडा निसटला तेव्हा हौद्यात एकच जल्लोष झाला. बाहेर आल्यावर कुणी उतरायचं नाव घेईना. "एक चक्कर! एकच!" मागे पुन्हा वजन आलंय म्हणून ललितनं स्क्रू फिरवून दोन्ही दिव्यांची तोंडं खाली वळवली.

मोतीराम फुटपाथवर राहिला. संध्याकाळचा अंधार पडायला लागला होता. कोपऱ्यावरून वळून पिकअप पुन्हा त्याच्या दिशेनं येऊ लागली. बायकोची गाडी चालू असताना तिच्या समोर तो कधी उभा राहिलाच नव्हता. उजेड रस्त्यावरून त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. डोळ्यांवर काहीच आलं नाही. काचेमागे चांगुणाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. कपाळावर कुंकू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शेजारच्या पोरीशी बोलता बोलता नजर मात्र रस्त्यावर. रोज पहाटे ती अशीच बसत असणार. अशीच ती त्या ट्रॉलीपासून वीतभर आधी थांबली असणार. मोतीरामचे हात कधी जोडले गेले, त्याचं त्यालाच कळलं नाही.

चांगुणानं अलगद ब्रेक लावला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं? हात कशापायी जोडताय?"

"काय नाय," मोतीराम म्हणाला. "दिसलीस, म्हणून. जा, अजून एक चक्कर मार."