यादीतून सुटलेला भोपळा

हेडक्लार्कसाहेबांच्या हातून भोपळा सुटला तो जेवणाच्या सुट्टीत. हंगामी भाज्यांची वार्षिक यादी ते टाइप करत होते. कोबी झाला, गाजर झालं, वाटाणा झाला आणि तेवढ्यात शिपायाने डबे गरम झाल्याची वर्दी दिली. जेवून आल्यावर साहेबांनी थेट मुळ्यापासून सुरुवात केली. घडलं ते एवढंच.

यादी सही-शिक्क्यानिशी घरोघर गेली. नियम साधा होता. पर्यावरणाच्या रक्षणासाठी प्रत्येक कुटुंबाने फक्त शाकाहारी आणि फक्त हंगामातलं खायचं. हंगाम म्हणजे यादी. नियम पाळणाऱ्याच्या दारावर हिरवी पाटी. साहेबांच्या दारावर ती अर्थातच होती, त्यांनी स्वतः ठोकलेली.

त्याच दारामागे, स्वयंपाकघराच्या गॅलरीत, साहेबांच्या आईने फुटक्या बादलीत भोपळ्याचा वेल लावला होता. बी घरचं, खत सालींचं, पाणी भाज्या धुतलेलं. वेलाला एकुलता एक भोपळा धरला होता. आई रोज सकाळी त्याला टिचकी मारून बघायची. एक दिवस ती म्हणाली, "झाला हो तयार. रविवारी सगळे मिळून खाऊ."

साहेबांनी यादी काढली. वाटाण्याखाली थेट मुळा होता.

"आई, भोपळ्याचा हंगाम नाही."

"वेलाला कळवलंस का?" आईने विचारलं.

चूक कबूल करायची तर शुद्धिपत्रक काढावं लागणार, त्याला खुलासा जोडावा लागणार आणि खुलाशाखाली सही साहेबांचीच. त्यात बढती तोंडावर आलेली. साहेबांनी तोंडात गुळणी धरली. भोपळा वेलावरच राहिला.

पण कुणीतरी विचारलंच, की सगळं आहे तर भोपळाच का नाही? लगेच तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. यादी चुकली असेल, असं समितीत एकालाही सुचलं नाही, कारण यादीवर शिक्का होता. तीन आठवड्यांनी अहवाल आला: यंदाच्या हवेत भोपळा खाल्ल्यास गुडघे धरतात. पाठोपाठ पेपरात लेख आला, "भोपळा: घरातला छुपा शत्रू". शेजारीणबाईंना तर भोपळ्याच्या नुसत्या वासाने जिना चढवेना. सगळे कोबीवर तुटून पडले. जवळपासचा कोबी पुरेना, म्हणून तो समुद्रापलीकडून, बर्फात घालून, एकेक गड्डा प्लास्टिकमध्ये गुंडाळून येऊ लागला. यादीत असल्यामुळे तो हंगामी होता.

शेवटी एका रविवारी आईने कुणालाही न विचारता भोपळा उतरवला. सालासकट शिजवला, बियाही थोड्या भाजल्या, थोड्या राखून ठेवल्या आणि चार ताटं वाढली. घरभर वास सुटला होता. सुनेने ताट अलगद बाजूला सरकवलं. नात म्हणाली, "आजी, आमच्या बाईंनी सांगितलंय, भोपळा खायचा नाही."

आई हात पुसत नुसती उभी राहिली. चार महिने जिने पाणी घातलं, ती आपल्याच भाजीकडे गुन्हा केल्यासारखी बघत होती. साहेबांना ते बघवेना.

"ऐका," ते म्हणाले. "भोपळ्यात काही वाईट नाही. मी तो टाइप करायला विसरलो. जेवायची सुट्टी झाली होती."

मग बायको समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो, विसरलात हे मान्य. पण नेमका भोपळाच का विसरलात? त्यालाही काही कारण असेलच ना."

साहेबांनी आईकडे पाहिलं आणि घास घेतला. भाजी गोड झाली होती. त्यांनी दुसरा घास घेतला. आईच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. मग ते पाणी घ्यायला उठले आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे साहेबांना ठाऊक होतं. तरी ते हळूच खाली बसले आणि ताट सरकवून म्हणाले, "आई, थोडा कोबी आहे का गं?"

आईने चारही ताटं एकटीने दोन दिवसांत संपवली आणि राखलेल्या बिया घेऊन, तीन जिने उतरून, खाली अंगणात लावायला गेली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर.

तुम्ही हसताय. हसा. अहवाल खोटा आहे, हे तुम्हाला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. तरी या आठवड्यात भाजीवाल्यापुढे उभे राहिलात, की भोपळ्याकडे बघून "कशाला उगाच" म्हणाल आणि कोबी घ्याल. शेवटी गुडघे तुमचे आहेत.