तांडेलांच्या खळ्यातला पाहुणा

सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की, मालवणजवळच्या आमच्या वाडीत साठ सालच्या आसपास, दरवर्षी नवरात्र आलं की एका खळ्यात संचारबंदी लागू व्हायची. खळं म्हणजे घरापुढचं मातीचं अंगण. त्याचे मालक गणू तांडेल. संचारबंदीचं कारण, एक पाहुणा. पाहुण्याचं वजन लिंबाएवढंसुद्धा नाही.

तांडेलांचा जन्म शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून गेला होता. वाऱ्याने कान गेले ते गेलेच, त्यामुळे शेजाऱ्याशीसुद्धा ते भर दर्यात असल्यासारखे बोलत. पडवीत ठाण मांडून बसायचे आणि कुणी कुंपणाचं बेडं ढकललं की गर्जना करायचे, "थयच रव! पावणो येवचो आसा!" पोस्टमन तिथूनच पत्र भिरकावून पळायचा. भटजी परसदाराने येत.

हा पाहुणा म्हणजे धोबी पक्षी. राखी पाठ, पिवळं पोट आणि सदा वरखाली होणारी लांब शेपटी. पावसाळा सरला की पार हिमालयाकडून येतो. "होकायंत्र नाय, नकाशो नाय, आणि बरोबर माझ्या खळ्यात! असो तांडेल दर्यात झालो नाय!" हे तांडेलांचं ठरलेलं भाषण.

मी शाळामास्तर, म्हणून मोठ्या हौसेने आणि तितक्याच मोठ्या आवाजात माहिती पुरवायला गेलो. "तांडेलानू, खाडीच्या दगडांवर दोन धोबी बघितले."

"ते दुसरे."

"देवळाच्या तळीवरही एक होता."

"तो भायलो!"

खरा धोबी एकाच जागी दिसायचा. सकाळी, तुळशीपलीकडे, भागीकाकूंच्या खिडकीसमोर.

भागीकाकू म्हणजे तांडेलांची बायको. चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले होते. दिवसभर खिडकीत बसून असत. "चिस्-चिस् केल्यान की माका तो दिसता," असं त्या मला म्हणाल्या होत्या. तांडेलांना तो आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ते तो कुठे पळतो ते ओरडून सांगत. मुठीत मावेल एवढा पक्षी, तोही नवराबायकोने वाटून घेतलेला.

एका वर्षी दसरा गेला तरी पाहुणा आला नाही. भात कापून झालं. खळं चोपून, शेणाने सारवून घेतल्याशिवाय झोडणी कशी करणार? सून शेवंती जमीन बडवायची चोपणी घेऊन उभी राहिली. "मामंजीनू, भात खंय झोडूचा? तुमच्या डोक्यार?"

"चोपलेल्या खळ्यात तेका किडो खंय गावतलो? आजून दोन दिस रव!"

त्या संध्याकाळी तांडेल मला बाजूला घेऊन चक्क हळू आवाजात बोलले. आमच्या ओळखीत हे प्रथमच घडत होतं. "मास्तरानू, तो नाय इलो तर ती खिडकीत बसूचा सोडतली. दोन दिस जेवाक पण नाय नीट."

दोन दिवस संपले. तिसऱ्या सकाळी मी शाळेला निघालो, तर तांडेल स्वतःच खळ्याच्या मधोमध उभे राहून खिडकीकडे ओरडत होते, "इलो गो, इलो! तुळशीकडे आसा! शेपटी हलयता बग! किडो गावलो तेका! आता माडाकडे धावता!"

मी माडाकडे पाहिलं. तुळशीकडे पाहिलं. खळ्यात तांडेलांखेरीज सजीव असं काही नव्हतं. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने चोपणी हळूच खाली ठेवली.

धोबी आला की बोलतोही, हे बिचाऱ्या तांडेलांच्या ध्यानातच नव्हतं. जे कधी ऐकलं नाही, ते ध्यानात येणार तरी कुठून?

पाच मिनिटांत त्यांचा दम संपला. "उडालो! गेलो गो!" असं म्हणून ते घाम पुसायला लागले.

मग भागीकाकू गजांना धरून पुढे झुकल्या आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो, इतक्यात कित्याक उडवलास तेका? आजून जरा फिरवा मां!"