हेरवाडेकाकांची थोरली

रोज सकाळी सव्वानऊला हेरवाडेकाका आपल्या सगळ्या नातेवाइकांना ओळीनं बसवतात, प्रत्येकाच्या छातीवर दांडी घट्ट दाबतात आणि दोनदा उलटंपालटं करून आणतात.

हे नातेवाईक प्लास्टिकचे आहेत. आमच्या पार्कमधल्या मोठ्या रोलर कोस्टरवर माणसं बसवायच्या आधी रोज पाणी भरलेले पुतळे बसवून गाडी फिरवून बघतात. पुतळ्यांना डोकं आणि धड असतं, नाक-डोळे नसतात. कंपनीच्या यादीत त्यांना नंबर आहेत. काकांच्या यादीत नावं आहेत. एक नंबर म्हणजे त्यांचे मेहुणे बापू. दोन आणि तीन म्हणजे धाकटा भाऊ शिवाजी आणि त्याची बायको. चार नंबर चुलतमामा. पाच नंबरच्या पुतळ्याचं टोपण जरा ढिलं आहे, त्यातून पाणी गळतं, म्हणून ती त्यांची थोरली बहीण. ‘आक्का रडाय लागली बघा,’ म्हणत काका टोपण आवळतात.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या सकाळी हा प्रकार बघितला. गाडी खडखडत उंच चढत होती आणि निळ्या डांगरीतले, पांढऱ्या मिश्यांचे एक गृहस्थ खालून ओरडत होते, “बापू, आता बोल! बांधावर उभा राहून लई बोलतोयस न्हवं? आता बोल की!”

बापू वरच्या वळणावर उलटे झाले. काही बोलले नाहीत.

मी मूळची पुण्याची. बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात सहा वर्षं बसून माझी पाठ आणि स्वभाव दोन्ही बिघडले, तेव्हा ती नोकरी सोडून मी या पार्कच्या ट्रेनिंग विभागात आले. आलेल्या लोकांशी कसं बोलायचं, रांगेत भांडण झालं तर काय करायचं, हे नव्या कर्मचाऱ्यांना मी शिकवते. आईला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे जत्रेत नोकरी?”

हेरवाडेकाकांनाही गावात असंच काहीतरी ऐकावं लागलं होतं. गडहिंग्लजकडचा माणूस. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर. कारखाना बंद पडला तेव्हा वय चोपन्न. कुणीतरी पेपरातली जाहिरात दाखवली आणि काका पिशवी घेऊन थेट बेंगळुरूला मुलाखतीला आले. समोर तीन साहेब. इंग्रजीत प्रश्न. काकांनी उत्तर न देता छताकडे बोट केलं आणि म्हणाले, “साहेब, ह्या एसीचा पंखा एका बाजूनं घासतोय. आठ दिवसांत बसंल.”

तो सहाव्या दिवशी बसला. सातव्या दिवशी काकांना पत्र गेलं.

“गावातली माणसं काय म्हटली?” मी एकदा विचारलं.

“म्हटली, म्हातारपणी पाळणं फिरवायला चालला. म्हटलं, व्हय. उसाचं चाक फिरवलं, आता माणसांचं फिरवतो.”

आमच्या रोलर कोस्टरला मोठं झोकदार इंग्रजी नाव आहे. ते फलकावर आहे, तिकिटावर आहे, टी-शर्टवर आहे. काका तिला ‘थोरली’ म्हणतात. लहान मुलांच्या छोट्या कोस्टरला ‘धाकटी’. आता कन्नडिगा ऑपरेटर मुलंसुद्धा वॉकीटॉकीवर ‘थोरली रेडी’ म्हणतात. त्यातल्या एकालाही या शब्दाचा अर्थ माहीत नाही.

राहायला आम्ही दोघं एकाच घरात, बेंगळुरूबाहेर केंगेरीच्या पुढे. वरच्या मजल्यावर मी, खाली मागच्या खोलीत काका, आणि पुढच्या भागात घरमालकीण शारदाक्का. अक्कांचं घराणं मराठी, पण इथं येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झालेलं. त्यांच्या मराठीत इतकं कन्नड मुरलंय की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवत होते. काकांची मराठी सीमाभागातली. त्यामुळे दोघांचीही मनोमन खात्री आहे की समोरच्याला मराठी येत नाही.

“ते हेरवाडे मराठी बोलतो म्हणतात,” अक्का मला हळूच सांगतात, “पण मला स्वल्प पण कळत नाही नोडी.”

“अक्का चांगल्या हायत,” काका सांगतात, “पण मराठी शिकाय पायजे त्यांनी.”

काकांच्या वरच्या खिशात एक लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर असतो. त्याचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मशीनच्या पोटात काय चाललंय ते कळतं म्हणे. घरातलं एकही यंत्र यातून सुटलं नाही. अक्कांचा मिक्सर चटणी वाटत असताना काका आत शिरले आणि गुडघ्यांवर बसून त्याला कान लावला. अक्का घाबरून चटणीसकट मागे सरकल्या. काकांनी निकाल दिला, “आवाज लागला न्हाई. आत कायतरी घासतंय.” दुसऱ्या दिवशी मिक्सर उघडून साफ करून दिला, तेव्हापासून अक्कांनी घरातल्या सगळ्या वस्तू त्यांच्यापुढे आणून ठेवायला सुरुवात केली. “आवाज बरोबर हाय” असं काकांनी म्हटलं की अक्का “सरी”, ठीक, म्हणून वस्तू उचलून नेतात.

काका रिक्षात बसले तरी तेच. एकदा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. काका मागून वाकून म्हणाले की तुझं मागचं बेअरिंग जायला आलंय. कन्नडमध्येच म्हणाले, पण त्यांचं कन्नड बेळगावकडचं. रिक्षावाला हसायला लागला. “सुम्मने कूत्कोळ्ळी अण्णा,” गप बसा, असं म्हणाला. पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली ती थांबलीच. काका उतरले, खाली वाकले आणि पाऊण तास त्याच्याबरोबर चाकाशी झटत बसले. मी दोन पिशव्या भाजी घेऊन फुटपाथवर.

माणसांचंही ते ऐकतात. एकदा मी आईशी स्पीकरवर बोलत जिना उतरत होते. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, “आईचा आवाज आज बसका हाय. विचारा त्यास्नी.” मी परत फोन लावला. आईला तीन दिवस ताप होता. मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं गमतीचं होतं, तो रविवार येईपर्यंत.

शाळांना सुट्टी लागली होती. थोरलीसमोर दीड तासाची रांग. सकाळी साडेअकराच्या सुमाराला गाडी भरून उभी होती, सगळ्यांच्या दांड्या लागल्या होत्या आणि ऑपरेटर बटण दाबणार, एवढ्यात काकांनी हात वर केला. “थांब. सगळ्यांना उतरव.”

“काय झालं अण्णा?”

“मागच्या फेरीला आवाज लागला न्हाई.”

थोरली बंद झाली. मला रांग शांत करायला पाठवलं. इंदिरानगरहून वाढदिवसाला आलेली अकरा माणसं होती, त्यांच्यातल्या गृहस्थांनी माझा फोटो काढला, तक्रारीला जोडायला. एक छोटी मुलगी सारखी विचारत होती, “आंटी, तुटलं का?” दोन इंजिनिअर शिडी लावून वर चढले. चाकं बघितली, ब्रेक बघितले, साखळी हातभर-हातभर बघितली. अडीच तास लागले.

काहीही सापडलं नाही.

आमचे मॅनेजर तसे बरे आहेत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. सगळ्यांसमोर त्यांनी हिंदीत विचारलं, “हेरवाडेजी, क्या मिला?”

“कुछ नहीं मिला, साहेब.”

“तो?”

“तो अच्छा है ना!”

काकांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं. मॅनेजरांना तो उद्धटपणा वाटला. संध्याकाळी लेखी खुलासा मागवला गेला, आणि वर्षाचं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं. ते पुढे वाढेल की नाही, हे त्या खुलाशावर ठरणार होतं.

काकांना इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून मी अक्कांच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले. अक्काही कॉफी घेऊन येऊन बसल्या.

“काय लिहू, काका? काय ऐकलं होतं तुम्ही?”

“ऐकल्यासारखं वाटलं. नसंल बी.”

“असं कसं लिहू? चूक झाली म्हणून लिहू का?”

“चूक कशी? मॅडम, त्या गाडीत कोण बसलं हुतं, तुमास्नी म्हाईत हाय? मला बी म्हाईत न्हाई. परक्या माणसाची काळजी आपोआप वाटत न्हाई, ती लावून घ्याय लागती. त्या पुतळ्यास्नी मी नावं का दिली? एक नंबरला काय झालं तर साहेब दुसरा एक नंबर मागवतील. बापूला काय झालं तर बहिणीला मी तोंड कसं दाखवू? सकाळी बापू बसला हुता त्याच जागेवर दुपारी कुणाचा तरी बापू बसतोय.”

इतके दिवस मी समजत होते की काका नातेवाइकांवर सूड उगवतात.

अक्कांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “आज मात्र सगळं कळलं मला,” त्या म्हणाल्या.

मी ते सगळं इंग्रजीत लिहिलं, बापूसकट. मॅनेजरांनी ते वाचलं. तिसऱ्या दिवशी काकांना बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी आधी वॉकीटॉकीवर सांगत जा. कंत्राट वाढलं. आणि सकाळच्या तपासणीच्या छापील फॉर्मात चाकं, ब्रेक, साखळी यांच्याखाली एक नवा रकाना आला: ‘आवाज’. काका त्यात रोज मराठीत ‘बरोबर’ असं लिहितात.

त्या आठवड्यानंतर मी संध्याकाळी पायरीवर बसायला लागले, आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. सात वाजले की काका खोलीबाहेरच्या स्टुलावर बसत, कानाला फोन लावत आणि एक शब्दही बोलत नसत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मला वाटलं, फोन बिघडलाय.

“लागत नाहीये का, काका?”

त्यांनी फोन माझ्याकडे केला. पलीकडून थप थप असा आवाज येत होता. मध्येच बांगड्यांचा. मग तव्यावर काहीतरी सरकल्याचा.

“बायको,” ते म्हणाले. “भाकऱ्या थापतीया. फोन कट्ट्यावर ठेवून देती. रोज बोलाय काय असतंय? मी ऐकत बसतो.”

काकांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला बघायला कुणीतरी हवं, म्हणून सुमित्राकाकू गावी राहिल्या होत्या. ‘तुम्ही जावा, मी बघते,’ असं त्याच म्हणाल्या होत्या. दोन वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा काका जात आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन येत. यापेक्षा जास्त आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. कारण काका कायम मजेत दिसायचे.

या उन्हाळ्यात शिवाजी, म्हणजे पुतळा नव्हे, खरा भाऊ, बदली होऊन बायकोसकट गावी परतला. आईला सांभाळायला माणसं झाली. काका स्वतः जाऊन सुमित्राकाकूंना घेऊन आले. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी खोली झाडली, दुसऱ्या दिवशी अक्कांशी बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ती थोरली कुठली ते बघायचंय.”

साडीत बसू देत नाहीत, म्हणून माझा पंजाबी ड्रेस घातला. तो त्यांना खांद्यावर सैल होता. पार्कात शिरल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ थोरलीकडे चालत गेल्या. काकांना वाटलं, खालून बघतील. त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

“अगं, लई उंच जातीया. झेपंल का?”

“माणसं बसत्यात न्हवं?”

पुढच्या डब्यात त्यांना जागा मिळाली. काकांनी त्यांची दांडी लावली. ओढून बघितली. परत ओढून बघितली. दोन पावलं गेले, मागे आले आणि तिसऱ्यांदा ओढून बघितली.

“आयितु बिडी अण्णा,” झालं की आता, ऑपरेटर हसत म्हणाला.

बसताना पायात काही ठेवायचं नाही असा नियम आहे. काकूंच्या चपला काकांनी उचलून हातात घेतल्या आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. गाडी निघाली. वर चढली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि सुटली. नेहमीसारख्या किंकाळ्या उठल्या. काका डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चाकं ऐकतायत.

“तिचा आवाज न्हाई त्यात,” ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. “सगळी वराडाय लागल्यात. तिचा न्हाई.”

दोन मिनिटांपेक्षा कमीच वेळ लागतो फेरीला. गाडी फलाटाला लागली तेव्हा काका उडी मारूनच आत गेले. काकूंचा अंबाडा सुटला होता. बाकी त्या होत्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर.

“काय झालं? बोलत का न्हाईस? चक्कर आली व्हय?”

“न्हाई,” काकू म्हणाल्या. “वरनं लई लांबवर दिसतंय. आणखी एकदा बसू?”

काकांनी श्वास सोडला. मग दांडी परत खाली घेतली आणि ओढून बघितली.

“बस. पर आता जरा वरड. खाली मला कळाय पायजे.”

गाडी परत चढली. मी वर बघत होते. शिखरावरून ती कोसळली आणि इंग्रजी, हिंदी, कन्नड अशा सगळ्या आरडाओरड्यातून एक बारीक, लांबलचक हाक खाली आली, “अहोऽऽऽ!”

काकांनी दोन्ही चपला छातीशी धरल्या आणि वर न बघता, शेजारी कुणी बसलंय अशा आवाजात म्हणाले, “हाय. हितंच हाय.”