सातवीचं फुफ्फुस

कचऱ्याच्या बाबतीत माझी नजर घारीसारखी आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळा, दुकानं, कचेऱ्या यांना कचरा वेगळा करायला शिकवणं हे माझं काम. दीड वर्षात एका छापखान्याला आणि दोन बेकऱ्यांना मी वळणावर आणलं होतं. मग वहिनीने तिच्या शाळेत माझी शिफारस केली. ती तिथे विज्ञान शिकवते.

त्या दिवशी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच मी शाळेत पोचलो. शाळा भरायला अजून अवकाश होता. हॉलचं दार ढकललं आणि दारातच थिजलो. बाटल्या, खोकी, अंड्यांचे ट्रे, वायरी, फुटके फुगे! टेबलं भरून नुसता कचरा. महिनाभर इथल्या मुलांना घसा कोरडा करून शिकवलं त्याचं हे फळ?

शिपाई म्हणाला, "आज पाहुणे यायचेत, साहेब."

पाहुणे, आणि हॉलची ही दशा! मी बाह्या सरसावल्या. खोकी चपटी केली, बाटल्यांची झाकणं काढली, लेबलं सोलली. कोणीतरी सगळं इतकं घट्ट चिकटवलं होतं की नखं दुखायला लागली. भंगारवाल्याचा टेम्पो भरून गेला, तेव्हा हॉल आरशासारखा लखलखत होता.

वहिनी आत आली आणि टेबलांकडे बघतच राहिली.

"भाऊजी, धरण कुठंय?"

"कसलं धरण?"

"सहावीचं. आणि सातवीचं फुफ्फुस?"

"ते... फुग्यांचं होतं का?"

"टाकाऊतून टिकाऊचं प्रदर्शन आहे आज. त्रेचाळीस प्रतिकृती होत्या. मुलं तीन आठवडे खपत होती." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला मीच बोलावलं होतं."

मी स्कूटर पिटाळली. भंगारवाला चहा पीत होता. त्याने कौतुकाने यंत्राकडे बोट दाखवलं. "तुमचा माल एकदम स्वच्छ, साहेब. लगेच दाबून टाकला." समोर माझ्या कमरेएवढा एक चौकोनी गठ्ठा होता, पट्ट्यांनी आवळलेला. त्यातून अर्धं फुफ्फुस बाहेर डोकावत होतं.

तोच गठ्ठा टेम्पोत घालून परत आणला. दुसरं करणार काय? हॉलच्या मधोमध ठेवला. मुलं भोवती जमली. शेवटी चष्मेवाली एक मुलगी वाकली आणि म्हणाली, "हा निळा तुकडा आमच्या धरणाचा." मग दुसऱ्याला त्याच्या ज्वालामुखीचं टोक सापडलं. बघता बघता सगळे आपापलं शोधायला लागले. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या नजरेपासून लपायला खांब शोधत होतो.

तेवढ्यात पाहुणे, म्हणजे प्रदर्शनातल्या स्पर्धेचे परीक्षक, आले. गठ्ठ्याला एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी," चष्मेवाली शांतपणे म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडलं, तो टेबलावर ठेवला आणि गेले. माझा जीव भांड्यात पडला. वहिनीने तो कागद उचलला, वाचला आणि माझ्या हातात दिला.

"कल्पना उत्तम. परंतु मोठ्या माणसाने हात लावलेला स्पष्ट दिसतो. स्पर्धेतून बाद."