जावयाच्या गाडीचा पाहुणचार

जेवणं झाली तसे नानासाहेब जावयाला घेऊन अंगणात आले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, ही पेट्रोल किती पिती ते सांगू नका. कसलं पिती ते सांगा."

असा प्रश्न कृष्णाला आजवर कोणी विचारला नव्हता. घरी तनुजा गाडीबद्दल एकच विचारायची, धुतली का. त्याने घराकडे नजर टाकली. तनुजा आत आईशी गप्पा मारत होती. मग त्याने सासऱ्याला जवळ ओढलं आणि दोन महिने पोटात दाबून ठेवलेलं भडाभडा सांगून टाकलं.

गाडी टर्बोची. दिवाळीत त्याने बुद्धभूषणच्या गॅरेजात तिच्या इंजिनच्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्राम काढून जादा ताकदीचा टाकून घेतला होता. तनुजाला पत्ता नव्हता, आणि लागू द्यायचाही नव्हता. मागे त्याने मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला, तर तिने ती गाडी आठ दिवसांत आपल्या भावाला देऊन टाकली होती. बाई बोलायची कमी आणि करायची जास्त.

"आता साधं पेट्रोल म्हंजे हिला इख," कृष्णा म्हणाला. "शंभर नंबरचं, सगळ्यात भारीवालंच लागतं. हलकं पाजलं की इंजिन आतून टकटक करतं, अन् टकटक लई झाली की खल्लास. पण पळती अशी मामा, पाठ शिटाला चिकटती. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झाल्यापासनं तर नुसती वाघीण झालीय."

सर्व्हिसिंगला तनुजाच गेली होती, कारण कृष्णाला शेंद्र्याच्या कारखान्यातून त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. ते काही त्याने सांगितलं नाही. नानासाहेबांना एवढंच उमगलं की जावयाच्या गाडीला भारी खुराक लागतो.

जावयाला रिकाम्या हाताने पाठवून देणं त्या घरात कोणी केलं नव्हतं. सासूबाई सारजाबाईंनी डिकीत ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, गुळाच्या दोन ढेपी आणि दोन थोराड भोपळे कोंबले. पुरणपोळीवर ताव मारून जावईबापू आडवे झालेले, गाडीची किल्ली खुंटीला. नानासाहेब मनाशी म्हणाले, माणसाचा पाहुणचार झाला, गाडीचा राहिला. आणि ते गोठ्याकडे गेले.

गंगापूर सुटलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. त्याला मागे टाकायला कृष्णाने पाय दाबला, आणि पुढून आवाज आला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. टकटकटकटक.

कृष्णाने झटकन पाय उचलला.

"अहो, भोपळा वाजतोय का?" तनुजाने विचारलं.

"भोपळा कधी वाजतो का?"

"मग काय वाजतंय?"

याचं उत्तर त्याला पाठ होतं, पण देता येत नव्हतं. तेवढ्यात शेजारून एक काळीपिवळी जीप आली आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "क्या भाई, गाडी चला रे के मच्छरां मार रे?"

कृष्णाने आरशात बघितलं. मागे निळा धूर. त्याने गाडी कडेला घेतली, "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि बाभळीआड जाऊन बुद्धभूषणला फोन लावला.

"निळा धूर म्हंजे ऑइल, भाऊ," बुद्धभूषण म्हणाला. "टाकीत काय टाकलंय?"

"शंभर नंबर. परवाच."

"कायतरी गडबड हाय. डिकीत वजन?"

"सासूबाईनं गुलमंडीचा अर्धा बाजार भरलाय."

"मग नीट ऐका. टर्बोनं हवा कोंबली की हलकं पेट्रोल आपल्या पाळीची वाट बघत नाय, आधीच भडकतं, अन् पिस्टनवर घण बसतो. तेलानं तर आणखीच हलकं होतं. माझ्या प्रोग्रामवर पाच मिनिटं दाबली तरी पिस्टनला भोक. पाय हलका ठेवा. टर्बोला झोपू द्या अन् तसंच हळूहळू या."

तो परतला तर तनुजा वडिलांशी बोलत होती. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"पाव्हणं, जाणवलं का?" नानासाहेबांचा आवाज अभिमानाने फुगला होता. "पंधरा लिटर घातलंय. आमच्या फवारणी पंपाचं. त्याच्यात ऑइल आधीच कालवलेलं असतंय, वरणात तूप असल्यागत. शंभर नंबरवाल्याला म्हणावं, ये आता."

कृष्णाने टाकीच्या झाकणाकडे बघितलं. पण जावई झाला म्हणून सासऱ्याला काय बोलणार? "लई चांगलं केलं मामा," तो म्हणाला, आणि त्याला खरोखर रडू येत होतं.

मग ती वरात निघाली. तीसच्या वर काटा नाही. उसाचा ट्रॅक्टर पुढे गेला, त्यामागून दूधवाल्याची लूना गेली. चढ आला की कृष्णा श्वास धरायचा, जणू त्याने गाडी हलकी होणार होती. वाळूजला तर त्याने उतरून दोन्ही भोपळे चहावाल्याला देऊन टाकले.

"का दिले?" तनुजा म्हणाली.

"गरीब हाय बिचारा."

तनुजाने त्या चहावाल्याच्या दुमजली घराकडे बघितलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज लई शहाण्यासारखी चालवताय. मला आवडलं. रोज अशीच चालवत जा."

पन्नास किलोमीटरला अडीच तास लागले. शेंद्र्याच्या रस्त्यावर बुद्धभूषणचं गॅरेज दिसलं तेव्हा कृष्णाचा शर्ट पाठीला चिकटला होता. "हवा बघून घेतो," त्याने तनुजाला सांगितलं. ती पाय मोकळे करायला खाली उतरली.

बुद्धभूषणने लॅपटॉप जोडला. बराच वेळ बघत राहिला. मग डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, माझा प्रोग्राम कुठंय?"

"म्हंजे?"

"ह्याच्यात कंपनीचाच हाय. मागच्या महिन्याच्या अठरा तारखेला टाकलाय कुणीतरी."

"अठराला व्हय?" मागून तनुजा म्हणाली. "त्या दिवशी सर्व्हिसिंगला मी नेलती. ते म्हणले, मॅडम, नवीन अपडेट आलंय, टाकू का. मी विचारलं, फुकट हाय का. म्हणले, फुकट हाय. म्हणलं, टाका मग."

"वहिनी, तुम्ही इंजिन वाचवलं बघा," बुद्धभूषण भारावून म्हणाला. "कंपनीचा प्रोग्राम टकटक ऐकली की आपोआप नरमतो. माझा असता तर आज वाळूजच्या अलीकडंच पिस्टन गेला असता." आणि मग त्याने जीभ चावली.

"तुमचा कसला प्रोग्राम, भाऊजी?"

कृष्णाने सगळं कबूल केलं. दिवाळीपासून आजपर्यंत, एका दमात, जमिनीकडे बघत. तनुजाने शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. किल्ली पर्समध्ये गेली.

"पण भाऊ," बुद्धभूषण अजून तिथेच अडकला होता, "परवा तर तुम्ही फोनवर म्हणाला, सर्व्हिसिंगपासनं पाठ शिटाला चिकटती. मग ते काय चिकटत होतं?"

तनुजा पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला टायरच्या थप्पीवर बसावं लागलं. तेवढ्यात नानासाहेबांचा फोन आला. मानवलं का गाडीला?

"मानवलं, नाना," ती डोळे पुसत म्हणाली. "पण पुढच्या खेपेला कायबी घालू नका. तुमच्या जावयाची गाडी पेट्रोलवर नाय, नुसतं वाटलं तरी पळती."

टाकी उपसून झाली, चांगलं पेट्रोल भरून झालं. तनुजा स्टीअरिंगवर बसली. कृष्णा शेजारी, मांडीवर गुळाची ढेप घेऊन. पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा लागला, तनुजाने पाय दाबला, आणि कृष्णाची पाठ खरोखरच सीटला चिकटली.