धोंड्याचे दोन कॅमेरे

"सारखे न्हाईत का?" महारुद्ररावांनी ताटाकडे बघत विचारलं.

प्रश्न साधाच होता. पण तीन वर्षांनी येणाऱ्या धोंड्याच्या महिन्यात, सासूबाईंच्या घरी, दोन जावयांपुढे मांडलेल्या दोन ताटांकडे बघून विचारला की तो साधा राहत नाही. ताटांत बाकी सगळं सारखं होतं. अनारसे मोजून तेवढेच, शर्टाचं कापड एकाच ताग्यातलं, दिवेसुद्धा जोडीचे. फरक होता तो मधोमध ठेवलेल्या कॅमेऱ्यांत. एक चंदेरी आणि सडपातळ, शर्टाच्या खिशात सरकवला तर खिशालाही पत्ता लागू नये असा. दुसरा नारिंगी, जाडजूड, कडांना रबर, कोपऱ्यांना स्क्रू. खोक्यावर लिहिलं होतं की हा पडला तरी फुटत नाही आणि पाण्यात नेला तरी बिघडत नाही.

"दुकानात सारखे दोन न्हवते," दगडाबाई म्हणाल्या. "किंमत दोन्हीची येकच हाय. इचारा गोपाळला."

गोपाळनं आईकडे पाहिलं, मग मान हलवली. हा दगडाबाईंचा एकुलता एक मुलगा, गंगाखेडच्या साखर कारखान्यात कामाला. दोन मेहुण्यांच्या मध्ये सापडलेला माणूस जेवढं कमी बोलेल तेवढं बरं, हे तो अनुभवानं शिकला होता.

"थोरल्या पाव्हण्यांनी आधी घ्यावा," दगडाबाई म्हणाल्या.

थोरले पाव्हणे म्हणजे महारुद्रराव. मानवतला सरकी-ढेपेचं दुकान, अंगावर कायम कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. त्यांचं मन चंदेरी कॅमेऱ्यावर गेलं होतं, ते बघणाऱ्याला कळत होतं. पण थोरल्या जावयानं बारीक वस्तू उचलायची आणि धाकट्यानं जाडजूड न्यायची, हे त्यांच्या मानात बसेना. त्यांनी नारिंगी उचलला. उरलेला चंदेरी धाकट्या मल्हाररावांच्या वाट्याला आला. मल्हाररावांचं पालमला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग भरून द्यायचं दुकान. आज या विहिरीत उतर, उद्या त्या विहिरीतून पाण्यातली मोटार वर काढ, असा त्यांचा धंदा. त्यांच्या जाड बोटांनी त्या नाजूक कॅमेऱ्याचं एक बटण दाबलं की शेजारची दोन आपोआप दाबली जायची.

थोडक्यात, ज्याला जो हवा होता तो दुसऱ्याकडे गेला. आणि तसं बोलायची सोय नव्हती, कारण सासुरवाडीच्या वाणाला नावं ठेवणारा जावई चार गावांत बदनाम होतो. शिवाय हे दोघे एकमेकांशी बोलतच नव्हते.

त्याला कारण होतं धाकट्या लेकीचं, राजेश्रीचं लग्न. म्हणजे मल्हाररावांचंच. त्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्या घराला उभं केलं, पण 'थोरले जावई कुठं हायत?' असं कुणी विचारलं नाही. महारुद्रराव रुसून मांडवामागच्या पाण्याच्या टँकरजवळ जाऊन बसले. तिथून उठवायला कुणी येईल म्हणून बराच वेळ बसले. पंगतीत नवरदेव थट्टेनं म्हणाले, "साडूला टँकर लय आवडलेला दिसायलाय." ते वाक्य दैवशालाबाईंच्या, म्हणजे महारुद्ररावांच्या बायकोच्या कानामार्गे मानवतला पोचलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. तेव्हापासून दोन्ही साडू बायकांच्या मध्यस्थीनं बोलत. मागच्या धोंड्याला दगडाबाईंनी दोघांना अगदी सारखे चांदीचे गिलास दिले, तर दोघं आपापल्या गिलासात बघत जेवले आणि आपापल्या गाडीनं गेले.

दगडाबाईंना हे फार लागत असे. दोन्ही जावई, दोन्ही लेकी, मुलगा आणि आपण, असा एक फोटो त्यांना हवा होता. त्यासाठी परभणीहून फ्रेम आणून त्यांनी बैठकीत टांगलीही होती. दुकानातला नमुन्याचा फोटो तिच्यात तसाच होता. कुणी परकी हसरी माणसं, त्यांची दोन मुलं आणि एक कुत्रं. 'ही कोण?' असं आल्यागेल्यानं विचारलं की दगडाबाई म्हणत, "आमचे यायचेत अजून. तवर राहू द्या."

धोंड्यांच्या जेवणाला दोघे शेजारी बसले. पुरण भरलेले गरम धोंडे, वर तुपाची धार. पहिला घास घेऊन मल्हाररावांनी खिसा थोपटला.

"राजेश्री, सांग त्यायला. खिशात कॅमेरा हाय का न्हाई ते कळंना सुद्दा."

"दैवशाला," महारुद्रराव म्हणाले, "त्यायला म्हणावं, कळंना म्हणजे हारपला तरी कळायचा न्हाई."

"राजेश्री, सांग, हारपायला तो काय कडब्याच्या गंजीत टाकलाय का? आन् काही कॅमेरे खिशात बसतच न्हाईत. बाळासारखे काखंत घेऊन फिरावं लागतंय."

"दैवशाला, इचार त्यायला, फरशीवर पडला तर काय व्हईल त्यायच्या कॅमेऱ्याचं?"

"अवो, तुमीच इचारा ना!" दैवशाला धोंडे वाढता वाढता म्हणाली. "माझ्या हातात तुपाचं भांडं हाय."

महारुद्ररावांनी विचारलं नाही. त्यांनी सरळ करून दाखवलं. नारिंगी कॅमेरा हातभर उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडला. तो टण्णकन उडाला, ताटाखाली गेला आणि सहीसलामत बाहेर आला. मल्हाररावांनी त्यावर चंदेरी कॅमेरा काढला, अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथून एक फोटो काढून आणला. फोटोत महारुद्ररावांची मिशी होती आणि मिशीत पुरणाचा एक कण. कण अगदी स्वच्छ दिसत होता.

"एवढ्या लांबून!" राजेश्री म्हणाली आणि नको तेव्हा हसली.

महारुद्रराव उठले. मिशी पुसली आणि कॅमेरा पाण्याच्या हंड्यात बुडवला.

"अवो, पिण्याचं पाणी हाय ते!" दैवशाला ओरडली.

"बघा! चालू हाय!" हंड्यातून थेंब गळणारा कॅमेरा वर धरून ते म्हणाले. या वेळी 'त्यायला म्हणावं' जोडायचं ते विसरले. गोपाळच्या हे लक्षात आलं नाही, पण दगडाबाईंच्या आलं. त्यांनी शांतपणे हंडा ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेले. अधिक महिना, त्यामुळे घाटावर गर्दी होती. स्नानं झाली, दिवे सोडले, नवे कपडे अंगावर आले. गर्दीपासून जरा बाजूला, खालच्या पायरीवर दगडाबाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"आता फोटू काढू," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी साधाच ठेवला, पण पदर दोनदा नीट केला.

"काढू की," गोपाळ म्हणाला. "कुणाच्या कॅमेऱ्यावर?"

हे त्यानं विचारायला नको होतं.

"माझा तयार हाय," महारुद्रराव म्हणाले. घाईनं त्यांनी त्याचं एक बटण दाबलं, लाल ठिपका लुकलुकायला लागला. तो तयारीचा ठिपका असणार अशी त्यांनी मनाशी समजूत करून घेतली.

"राजेश्री, सांग, फोटू चांगला यायचा आसंल तर चंदेरीवर काढा. त्या नारिंगीवर निघायचं तर मी न्हाई उभा राहत."

"मग मीबी न्हाई राहत! थोरल्याच्या कॅमेऱ्याला काही मान हाय का न्हाई?"

"दाजी, फोनवर काढतो ना मी!" गोपाळ काकुळतीला आला.

"फोनवर?" दोघे एकदम म्हणाले. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं.

दगडाबाई पायरीवर खाली बसल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. फ्रेममधली ती परकी माणसं आणि त्यांचं कुत्रं आणखी तीन वर्षं आपल्या बैठकीत हसत राहणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले. दैवशालानं ते पाहिलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की महारुद्ररावांना काहीतरी करणं भागच पडलं. त्यांनी वाद कायमचा मिटवायचं ठरवलं.

"कुणाचा कॅमेरा भारी ते आताच कळंल," ते म्हणाले. "ह्यो पाण्यात चालतोय. बघा समद्यांनी!"

आणि त्यांनी नारिंगी कॅमेरा गंगेत फेकला.

डुबुक.

सगळे बघत राहिले. पाण्यावर वर्तुळं उमटली, मोठी झाली आणि विरली. वाहून चाललेला एक दिवा तिथून पुढे गेला.

"वर कवा येतोय?" महारुद्ररावांनी विचारलं.

गोपाळ पाण्याकडे बघत म्हणाला, "दाजी, तो पाण्यात बिघडत न्हाई. तरंगत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे तळाला चांगला हाय तो. बिलकुल चालू आसंल."

महारुद्ररावांचा चेहरा उतरला. सासूनं धोंड्याला दिलेलं वाण, एक दिवस झाला नाही तोवर, सासूच्या डोळ्यांदेखत गंगेत. मानवतला हे कळलं तर दुकानात बसायची सोय राहणार नव्हती. ते दगडाबाईंकडे वळले.

"आसू द्या," दगडाबाई हळूच म्हणाल्या. "गंगेला वाहिला म्हणू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. महारुद्रराव खालच्या पायरीवर मटकन बसले. लग्नात टँकरजवळ बसले होते तसेच, गुडघ्यावर हात ठेवून. मल्हाररावांनी ते बघितलं. टँकरजवळचा माणूस त्यांनी तेव्हा लांबून पाहिला होता. जवळून बघताना त्यांना हसू आलं नाही, वाईट वाटलं.

"थांबा," ते म्हणाले आणि होते तसे पाण्यात शिरले.

विहिरीच्या तळातून मोटारी काढणाऱ्या माणसाला गंगेचं पाणी काय विशेष? पण खाली गाळ होता. पहिल्यांदा बुडी मारली, हातात चप्पल आली. दुसऱ्यांदा फुटका नारळ. तिसऱ्यांदा ते खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"काय झालं गं?" राजेश्रीनं बहिणीचा हात धरला. "एवढा वेळ कामून लागायलाय?"

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. महारुद्रराव पाण्यात होते. इस्त्रीच्या कपड्यांसकट, पायांतल्या चपलांसकट. त्यांना पोहता येत नव्हतं, हे दैवशालाला आठवलं तेव्हा ते छातीभर पाण्यात पोचले होते.

"मल्हारराव!" ते ओरडत होते. "ओ मल्हारराव! राहू द्या तो कॅमेरा! वर या!"

पाणी फुटलं आणि मल्हारराव वर आले, नारिंगी कॅमेरा हातात उंच धरून. महारुद्ररावांनी दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरली.

"घावला, साडू!" मल्हारराव धापा टाकत म्हणाले. "पर कॉलर सोडा, गळा आवळायलाय!"

"न्हाई सोडत!" महारुद्रराव म्हणाले. खरं तर ते सोडू शकत नव्हते, कारण आता मल्हाररावच त्यांना काठाकडे ओढत होते.

पायरीवर आल्यावर मल्हाररावांनी शर्ट पिळायला घेतला आणि मध्येच थांबले. खिशात हात घातला. चंदेरी कॅमेरा बाहेर आला आणि त्याच्यामागून गंगेचं पाणी. खिशात तो आहे की नाही ते खरंच कळलं नव्हतं. पण या वेळी महारुद्रराव तसं बोलले नाहीत.

घरी येऊन राजेश्रीनं चंदेरी कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला. गोपाळनं नारिंगी कॅमेरा टीव्हीला जोडून पाहिला आणि आतून ओरडला, "दाजी, तुमी फोटूचं न्हाई, व्हिडिओचं बटण दाबलं व्हतं!"

सगळे टीव्हीपुढे बसले. आधी मुठीची बोटं. मग आभाळ गरकन फिरलं. मग हिरवट अंधार, एक मासा येऊन बघून गेला, पुन्हा अंधार. मग एक मोठा पंजा. पाणी चमकलं, फुटलं आणि क्षणभरानं गोपाळनं चित्र थांबवलं.

पुढे मल्हारराव, केस कपाळावर चिकटलेले. त्यांची कॉलर धरून महारुद्रराव, तोंड उघडं, मिशीतून पाणी गळतंय. त्यांच्या मागे काठावर राजेश्री आणि दैवशाला एकमेकींना घट्ट धरून, गोपाळ दोन्ही हात वर करून, आणि पायरीवर उठून उभ्या राहिलेल्या दगडाबाई. सगळे एका चौकटीत. एकाचंही तोंड मिटलेलं नव्हतं.

"ह्योच," दगडाबाई म्हणाल्या. "ह्योच फोटू."

"आई, ह्याच्यात मी कसा दिसायलोय!" महारुद्रराव म्हणाले.

"घरचे दिसायलाव," दगडाबाई म्हणाल्या.

निघताना महारुद्ररावांनी नारिंगी कॅमेरा मल्हाररावांच्या हातात ठेवला. "तुमच्या कामाचा हाय. विहिरीत उतरता तुमी. तांदळातला मला द्या."

"तो बंद पडलाय, साडू."

"आसू द्या. खिशात तर बसतोय." आणि त्यांनी तो खरंच पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला. खिसा जरासुद्धा फुगला नाही, हे त्यांनी दोनदा बघितलं. मग दोघे स्टँडकडे गेले. मल्हाररावांची पालमची गाडी आधी लागली, पण मानवतकडच्या साडूला बसवून दिल्याशिवाय ते चढले नाहीत, असं मागाहून कळलं.

दोन दिवसांनी गोपाळ फोटो छापून घेऊन आला. दगडाबाईंनी फ्रेम खाली उतरवली आणि पदरानं काच पुसायला लागल्या. गोपाळला राहवलं नाही.

"आई, येक इचारू? परभणीला दुकानात सारखे लय कॅमेरे व्हते. तूच मला फोनवर म्हणलीस, येक बारीक आण आन् येक जाड. मग दुकानात सारखे न्हवते म्हणून कामून सांगितलंस?"

"मागल्या धोंड्याला सारखे गिलास दिले," दगडाबाई म्हणाल्या. "दोघंबी आपल्या आपल्या गिलासात बघत बसले. सारखं दिलं की माणूस दुसऱ्याकडं बघतच न्हाई, बाळा."

गोपाळनं विचारलं, "आन् गंगेत फेकायचं?"

"न्हाई बाई! ते त्यायनी त्यायच्याच डोक्यानं केलं."

त्यांनी फ्रेमची मागची पट्टी काढली, नमुन्याचा फोटो अलगद बाहेर ओढला आणि त्या परक्या हसऱ्या माणसांकडे, त्यांच्या कुत्र्याकडे एकदा मायेनं बघितलं.

"लय दिवस राहिले हे पाव्हणे," त्या म्हणाल्या. "आता आमचे आलेत."