सांता रीताची मिरवणूक आणि अडतीस नंबरची मोटार

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, असं म्हातारा बाल्दोमेरो न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालाला साबण लागायच्या आतच बजावून ठेवी. मग हकिकत सुरू होई.

वाहनाला नंबर असणं हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण होय. (वाहन असणं हे दुसरं.) पिएद्राल्ता गावच्या नगरपालिकेनं १९१३ सालीच पहिलं लक्षण गाठलं. गावात मोटार एकच, ती बाल्दोमेरोची. तेव्हा एक नंबर आपलाच, असं त्याला वाटलं. तरुण होता, वाटणारच.

पण नंबर हा मान आहे, आणि मान काही मोटार बघून देत नाहीत. एक नंबर सांता रीताला गेला. मूर्ती पालखीतून फिरते, म्हणजे वाहनधारकच. दोन नंबर राज्यपालांना, जे गावात कधी आलेच नव्हते. तीन नगराध्यक्षांना, चार पाद्रीबुवांना, पाच पाद्रीबुवांच्या खेचराला. (खेचरानं अर्ज केला नव्हता, पण हरकतही घेतली नाही.) पुढचे नंबर प्रतिष्ठित मंडळींनी भांडून घेतले. पाटी ज्यानं त्यानं स्वतः रंगवून वाहनावर लावायची होती. वाहन नसलेल्यांनी ती गळ्यात घातली. सदतीस नंबर चक्कीवाल्या प्रुदेन्सियोला मिळाला, अडतीस मोटारीला. सोबत ठराव असा, की मोठ्या नंबरानं लहान नंबराला ओलांडून पुढे जाता कामा नये.

आता, बाल्दोमेरोचा जीव जडला होता प्रुदेन्सियोच्या मुलीवर, एर्मिनियावर. बापानं अट घातली होती, "सांता रीताच्या दिवशी बंदरावरून बर्फाची अख्खी लादी माझ्या दारात आणून ठेव. मुलगी तुझी."

त्या दिवशी बाल्दोमेरो लादी घेऊन वेशीपर्यंत वाऱ्यासारखा आला. वेशीवर मिरवणूक आडवी आली. सगळ्या पाट्या क्रमानं चाललेल्या. (राज्यपालांची जागा अदबीनं मोकळी सोडलेली.) सर्वांत मागे, संधिवाताचे पाय ओढत, खुद्द प्रुदेन्सियो.

"काका, जरा बाजूला व्हा! बर्फ वितळतोय!"

"भोंगा वाजवू नकोस. ठराव आहे."

"पण अट तुमचीच ना?"

"अट माझी, ठराव गावाचा. दोन्ही पाळ."

गाडीतून ओघळ निघाला आणि उतारावरून पुढे गेला. पाण्याला नंबर नसल्यानं त्याला कुणी अडवलं नाही. जोडे भिजले तेव्हा प्रुदेन्सियोनं मागे वळून विचारलं, "हे पाणी कुणाचं रे?"

"तुमच्या जावयाचं."

"तेवढ्यात," बाल्दोमेरो सांगे, "नगरपालिकेचा कारकून धावत आला, चारचौघांत टोपी काढून म्हणाला, 'माफ करा, चूक आमच्या कचेरीची. आत्ता दुरुस्त करतो.' ते ऐकून सासरेही विरघळले, आणि…"

"खोटं!" दारातून आवाज आला. नवऱ्याला जेवायला बोलवायला आलेली म्हातारी एर्मिनिया कमरेवर हात ठेवून उभी होती. "कारकून आणि माफी? अहो, गाडीची पाटी उपटून मागच्या गल्लीतून पळवून नेलंत मला!"

दुकान खो खो हसलं. कारकुनाचं आपल्यालाही पटलं नव्हतं, असं जो तो सांगू लागला.

"दात काय काढताय?" एर्मिनिया त्यांच्याकडे वळली. "खेचराला नंबर दिला तेव्हा गप्प बसलात. माणसांनी गळ्यात पाट्या घातल्या तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नाही. तुमच्याही घरी खुंटीला असेलच एखादी!"